अंडपेशी शिकताना आधी शिदोरी बघा, नावं नंतर

टी.वाय.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी कोंबडीचं अंडं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "यातली पेशी कुठली ते दाखव." मी म्हणाले, "हे सगळंच." मायक्रोलेसिथल, मेसोलेसिथल, मॅक्रोलेसिथल (म्हणजे अंड्यात बलक कमी, मध्यम की भरपूर) हा तक्ता मला उलटसुलट पाठ होता. पण त्यात कोंबडी जिथे बसते तिथे ती का बसते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. "घरी जा, एक अंडं बशीत फोड आणि नावं विसरून तासभर बघत बस," एवढंच म्हणाल्या. पुढे एम.एस्सी. झाली. आता नऊ वर्षं मी टेस्ट ट्यूब बेबी केंद्राच्या प्रयोगशाळेत माणसाची अंडी हाताळते आहे, आणि प्राणिशास्त्राला नव्याने आलेल्या मुलांना अजूनही बशीपासूनच सुरुवात करायला सांगते.

बशीत जो पिवळा बलक दिसतो, ती पेशी. एकच. कोंबडीच्या अंडाशयातून सुटते ती एवढीच. पांढरा बलक, त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पिळाचे दोरे, आतली पातळ पापुद्र्यासारखी आवरणं आणि कवच हे सगळं ती अंडनलिकेतून खाली उतरताना तिच्यावर चढत जातं. पांढरा बलक साधारण तीन तासांत, कवच मात्र जवळजवळ वीस तासांत. म्हणून कोंबडीचं एक अंडं तयार व्हायला दिवसभराहून थोडा जास्त वेळ लागतो. फलन व्हायचं असेल तर ते अगदी सुरुवातीला, पांढरा बलक चढण्याआधी व्हावं लागतं.

आता बलकावर नीट बघा. दोन-तीन मिलिमीटरचा एक फिकट ठिपका दिसेल. पेशीचं केंद्रक आणि कामाचा जीवद्रव्याचा भाग तेवढ्यात असतो, बाकी सगळी शिदोरी. अंडं कसंही फिरवा, थोड्या वेळात ठिपका वर येतो, कारण त्याच्याखालचा बलक बाकीच्यापेक्षा हलका असतो. प्रात्यक्षिकात भ्रूण काढण्याआधी अंडं थोडा वेळ आडवं ठेवायला सांगतात ते याचसाठी. वरून कवच उघडलं की भ्रूण समोरच सापडतो.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमचे आठ दिवस वाया जाणार नाहीत. दुकानातली अंडी उबवून काही मिळत नाही. लेयर फार्मवर कोंबड्यांसोबत कोंबडाच नसतो, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. गावठी अंडी घ्या किंवा हॅचरीतून मागवा. फलित अंड्यात हाच ठिपका थोडा मोठा आणि कड्यासारखा दिसतो, कारण अंडं घातलं जाईपर्यंत तिथे हजारो पेशी झालेल्या असतात. तेव्हा ती अंडपेशी राहिलेली नसते, तो भ्रूण असतो. परीक्षेत यावर हमखास गोंधळ होतो.

आमच्या पाटण तालुक्यातल्या घरी आजी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची. सात-आठ दिवसांनी रात्री एकेक अंडं ती बल्बपुढे धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की म्हणायची, "जीव धरलाय यानं." परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी तिच्या शेजारी बसले आणि ती काय शोधते आहे ते पहिल्यांदा समजून पाहिलं. त्या शिरा बलकावर पसरून बलक आत ओढून घेत होत्या. एकवीस दिवस पिल्लाला बाहेरून काही मिळणार नाही, सगळं आतूनच. बाहेर येण्याआधी उरलेला बलकही पिल्लू पोटात घेतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दाणापाण्याशिवाय दूरवर पाठवता येतात ती त्याच्या जिवावर.

तिथे मला तक्ता उलगडला. अंड्याला एकच विचारायचं: तुझ्या पिल्लाला स्वतः खायला लागेपर्यंत किती दिवस काढायचे आहेत? तेवढी शिदोरी. मग ती पेशीत कुठे बांधली आहे ते बघायचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पुस्तकं त्यांची उत्तरं एका श्वासात देतात. बेडकाचं अंडं एका पानावर मेसोलेसिथल आणि दुसऱ्या पानावर टेलोलेसिथल दिसलं की मुलं मला विचारतात, "ताई, यातलं बरोबर कुठलं?" दोन्ही. पहिलं नाव बलक किती ते सांगतं, दुसरं तो एका टोकाला साठलाय हे सांगतं.

बेडकासाठी पावसाळा सोडू नका. पहिल्या पावसानंतर डबक्याच्या कडेला पारदर्शक जेलीत काळे मणी दिसतात. नीट बघितलं तर मणी अर्धा काळा, अर्धा फिकट असतो. बलक जड, तो खालच्या फिकट अर्ध्यात, म्हणून काळी बाजू वर. फलनानंतर पेशी विभागताना पहिल्या दोन चिरा उभ्या पडतात, तिसरी आडवी, पण मधोमध नाही तर वरच्या बाजूला. त्यामुळे वर चार लहान आणि खाली चार मोठ्या पेशी होतात. बलक खाली साठल्याने केंद्रकं वरच्या बाजूला असतात, म्हणून चीरही वर पडते. शिवाय बलकातून चीर सावकाश सरकते. कोंबडीत बलक इतका असतो की चीर त्यातून जातच नाही, विभाजन फक्त ठिपक्यात होतं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की होलोब्लास्टिक (पूर्ण विभाजन), मेरोब्लास्टिक (अपूर्ण विभाजन) हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. अंडी उचलून घरी आणू नका. जागेवर भिंग घेऊन बसा, बेडकांच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे.

पण "बेडूक म्हणजे मेसोलेसिथल" असंही घोकू नका. आपल्या सह्याद्रीतले राओर्केस्टिस वंशाचे छोटे झुडपी बेडूक पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांच्यात पोहणारा टॅडपोल होतच नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. साहजिकच अंडी मोजकी, मोठी आणि बलकाने भरलेली. बेडूकच तो, पण प्रवास वेगळा म्हणून शिदोरी वेगळी.

कीटकांचं थोडक्यात. पिकलेलं केळं दोन दिवस उघडं ठेवा, फळमाश्या येतील. त्यांचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, तांदळाच्या दाण्यासारखं, टोकाशी दोन शिंगं. बलक मधोमध असतो म्हणून सेंट्रोलेसिथल. इथे आधी नुसती केंद्रकं तेरा वेळा विभागतात. बहुतेक केंद्रकं कडेला जमल्यावर त्यांच्यामध्ये पडदे येतात, तोवर सगळं एकाच खोलीत.

वर्गात कंटाळा आला की मी १८८४ ची तार सांगते. प्लॅटिपस अंडी घालतो की नाही यावर तेव्हा वर्षानुवर्षं वाद चालला होता. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून माँट्रियलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभेला चार शब्द कळवले: मोनोट्रीम्स ओव्हिपॅरस, ओव्हम मेरोब्लास्टिक. पहिले दोन शब्द सांगतात की मोनोट्रीम्स, म्हणजे प्लॅटिपसच्या गटातले प्राणी, अंडी घालतात. पण मला शेवटचे दोन जास्त मोलाचे वाटतात. केसाळ, पिलांना दूध पाजणारा प्राणी आणि अंड्याचं विभाजन पक्ष्यांसारखं अपूर्ण, म्हणजे बलक भरपूर. तुम्ही जो शब्द पाच मार्कांसाठी घोकता, त्या एका शब्दावर वाद मिटायला मदत झाली.

आणि माणूस? तक्त्यात आपण समुद्रातल्या सी अर्चिनच्या शेजारी बसतो, बलक नगण्य. कारणं मात्र अगदी वेगळी. अर्चिनचा डिंभ (अंड्यातून निघालेलं लहानगं रूप) दोन-तीन दिवसांत पाण्यात स्वतः खायला लागतो. आपला भ्रूण साधारण आठवड्याभरात गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि तिथून आई पोसते. प्रयोगशाळेत हे रोज दिसतं. पहिले तीन-चार दिवस पेशींची संख्या वाढते, पण भ्रूणाचा एकूण आकार जवळजवळ तेवढाच राहतो. आहे त्याचेच तुकडे होत जातात.

या कामात यायचं असेल तर आवरणं मनापासून शिका. पेशीने स्वतः केलेलं, भोवतालच्या पेशींनी चढवलेलं आणि नलिकेने घातलेलं, असे आवरणांचे तीन प्रकार पुस्तकात दोन ओळींत संपतात. आमचा निम्मा दिवस त्यांच्यातच जातो. सतराव्या शतकात रेनिए द ग्राफ यांनी अंडाशयावरच्या फुगवट्यांनाच अंडी म्हटलं होतं. खरी अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीच्या अंडाशयात १८२७ मध्ये दिसली, त्या फुगवट्याच्या आत. आमच्याकडे आलेली मुलंही पहिल्या दिवशी तसंच करतात. अंडाशयातून काढलेल्या द्रवात चिकट, ढगासारखा पुंजका तरंगताना दिसतो आणि "हे अंडं" म्हणून बोट दाखवतात. मी त्यांना थांबवत नाही. ताट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. पुंजक्याच्या मधोमध एक गोल असतो, जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, भोवती झोना पेलुसिडाचं चकचकीत कडं. मग एन्झाइमच्या थेंबात तो पुंजका सैल करायचा आणि बारीक काचेच्या नळीने गोल आतबाहेर करत भोवतालच्या पेशी उतरवायच्या. नळी अंड्यापेक्षा किंचितच रुंद, हात हळू, आणि नजर कडेच्या आतल्या एका छोट्या मण्यावर. तो ध्रुवपिंड, म्हणजे पिकताना अंड्याने बाहेर टाकलेली छोटी पेशी, दिसला तर अंडं पिकलंय. नाही दिसला तर ताट पुन्हा ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायचं आणि दोन तासांनी पुन्हा बघायचं.