कपाळावरच्या बारीक पुळ्या गेल्या, त्याचा क्रम

केसांच्या रेषेलगत, कपाळ आणि कानशिलांवर मोहरीएवढ्या, कातडीच्याच रंगाच्या पुळ्या. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण उजेड तिरका पडला की कपाळ खरखरीत दिसतं. मुलतानी माती, लिंबू, स्क्रब सगळं करून झालं. लिंबाने उलट आग झाली. फार वैताग आला होता.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी विचारलं, "डोक्याला तेल रात्रभर असतं का?" खोबरेल कपाळावर उतरून रंध्रं बुजत होती.

मग हे केलं. तेल रात्री बंद. लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर, तेही केसांच्या टोकांना. न्हाताना मान मागे टाकून आधी शाम्पू आणि कंडिशनर, मग केस वर बांधायचे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी सौम्य फेसवॉशने धुवायचा. हा क्रम उलटा झाला तर कंडिशनरचा थर कपाळावरच राहतो. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा.

रात्री चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर डॉक्टरांनी दिलेलं, बुजलेली रंध्रं मोकळी करणारं ०.१ टक्का अ‍ॅडापलीन जेल, वाटाण्याएवढं, पूर्ण कपाळभर. सुरुवातीला एक दिवसाआड. त्यावर साधं मॉइश्चरायझर. सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, कारण या जेलने त्वचा उन्हाला हळवी होते. गरोदरपणात हे जेल वापरत नाहीत.

पहिले काही आठवडे कातडी सोलवटते, पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. तेव्हा सोडू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. पुळ्या खाजत असतील तर मात्र कारण बुरशीचं असू शकतं, आधी दाखवून घ्या.