बेळगाव, धारवाड, कोल्हापूर की गोवा? बारावीनंतर विद्यापीठ ठरवताना

बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूतली चार मोठी विद्यापीठं अशी: बेळगावचं राणी चन्नम्मा, धारवाडचं कर्नाटक, कोल्हापूरचं शिवाजी आणि गोवा विद्यापीठ. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावातच आहे. बहुतेक घरांत आधी कॉलेजचं नाव ठरतं आणि मग कागदपत्रांची धावाधाव सुरू होते. कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात हा क्रम उलटा हवा. कोणत्या राज्यात आपण कोणत्या गटात बसतो, यावरच जागा आणि फी दोन्ही ठरतात, म्हणून ते आधी शोधा.

कर्नाटकातल्या सरकारी कोट्यासाठी पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेली हवीत आणि एसएसएलसी (इथली दहावी) किंवा पीयूसी (इथली बारावी) यांपैकी एक परीक्षा इथूनच पास झालेली हवी. म्हणजे दहावीपर्यंत निपाणीत शिकून अकरावी-बारावी कोल्हापूरला केली, तरी हा हक्क जात नाही. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतल्या मुलांनी १५ टक्क्यांचा ग्रामीण कोटा विसरू नये. पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. मधलं एखादं वर्ष शहरात गेलं की कोटा गेला. मराठी माध्यमाची इथे अडचण नाही. ५ टक्क्यांचा वेगळा कोटा मात्र कन्नड माध्यमात शिकलेल्यांचा आहे, तिथे चुकून खूण करू नका. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढताना नावाचं स्पेलिंग एसएसएलसीच्या मार्क्स कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते बघा. दाखल्यावरचा आरडी नंबर अर्जात भरावा लागतो आणि नाव जुळलं नाही की पडताळणी तिथेच अडते.

महाराष्ट्रात सीईटी म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेमार्फत होणाऱ्या प्रवेशांसाठी 'टाइप-ई' हा गट आपल्यासाठीच आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी पास आणि मातृभाषा मराठी, अशा त्याच्या अटी आहेत. दोन्हींचे दाखले माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच लागतात. साध्या लेटरहेडवर आणलेला दाखला परत येतो आणि तोवर मुदत टळलेली असते. हा गट निवडायचा राहिला, तर तुम्ही महाराष्ट्राबाहेरचे उमेदवार ठरता आणि जागा एकदम कमी होतात. टू-ए, थ्री-बी हे कर्नाटकाचे प्रवर्ग तिकडे चालत नाहीत, म्हणून बेळगावचा आपल्या प्रवर्गाचा कटऑफ कोल्हापूरच्या कटऑफशेजारी ठेवून तुलना करू नका.

आणखी एक ठेच बीसीएची. महाराष्ट्रात २०२४ पासून बीबीए-बीसीएसाठीही सीईटी आहे. कर्नाटकात ते प्रवेश बाकीच्या डिग्रीसारखे होतात. इकडच्या मुलाला हे निकालानंतर कळतं आणि तोपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते. इंजिनिअरिंगचा हिशोबही वेगळा आहे. केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीच्या, रँकमध्ये पीयूसीचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे गुण धरतात, तर महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत बारावीचे गुण पात्रतेपुरते असतात. बोर्डात चांगले गुण असणाऱ्याला कर्नाटकची बाजू जड.

बीए, बीएस्सी, बीकॉम करणाऱ्यांनी वर्षंही मोजावीत. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा ३ वर्षांची केली. महाराष्ट्रात ३ वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. पुढे एमए-एमएस्सी करायचंच असेल, तर चार वर्षांच्या पदवीनंतर ते एका वर्षात होऊ शकतं.

एवढं झालं की यादी चार-पाच नावांवर येते. आता विद्यापीठ बाजूला ठेवून विभाग बघा. नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची श्रेणी सहसा ५ वर्षांसाठी असते आणि विद्यापीठाची श्रेणी संलग्न कॉलेजला लागू होत नाही. प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, सत्र चालू असताना कामाच्या दिवशी कॉलेजात जा. या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे सरळ विचारा. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठून मागच्या सेमिस्टरचा निकाल किती उशिरा लागला ते विचारा. नोकऱ्यांबद्दल सांगताना सगळ्यात मोठा पगार ऐकवतात. तुम्ही 'किती पास झाले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती' एवढंच विचारा. मराठी मुख्य विषय घ्यायचा असेल, तर यंदा तो वर्ग खरंच भरतोय का, हेही विचारा. माहितीपत्रकात छापलेला विषय विद्यार्थ्यांअभावी बंद असू शकतो. कन्नड येत नसल्याने व्हीटीयूला घाबरू नका, तिथे 'बळके कन्नड' हा छोटा पेपर कन्नड न येणाऱ्यांसाठीच आहे.

खर्च पूर्ण तीन-चार वर्षांचा मांडा: फी, परीक्षा फी, खोलीची अनामत, खानावळीचे दहा महिने, येण्याजाण्याचं भाडं. कर्नाटकातल्या मुलींना जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसने फुकट जाता येतं, त्यामुळे धारवाडचं रोजचं भाडं शून्यावर येतं. कोल्हापूर-पणजीला हा फायदा नाही.

पसंतीक्रम भरताना जिथे खरंच जायचंय तेच वर लिहा. जागा लागल्यावर केईए (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) चार पर्याय देते. पहिल्यात जागा पक्की. दुसऱ्यात जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघता येते. वरची लागली की आधीची आपोआप सुटते. तिसऱ्यात हातातली जागा सोडून पुढच्या फेरीत जायचं, चौथ्यात बाहेर पडायचं. दुसरा आणि तिसरा यांत घोळ करून मुलं चांगली जागा गमावतात. महाराष्ट्रात पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर पुढच्या फेऱ्या बंद होतात.

दोन्हीकडच्या फेऱ्या एकाच वेळी चालतात, म्हणून एकीकडे फी भरून दुसरीकडची वाट बघायची वेळ येते. मूळ कागद तपासून लगेच परत घ्या, ते अडकवून ठेवायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मनाई आहे. २०२४-२५ च्या प्रवेशांना ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळत होती. यंदाच्या तारखा बघून रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. राज्य बदलणार असाल, तर टीसीसोबत मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्जही त्याच आठवड्यात टाका.