प्रभागाचा आपत्ती आराखडा करताय? या चुका टाळा

पावसाळा जवळ आला की आराखड्याची फाइल हलू लागते. पंप, बोटी, निवाऱ्याच्या शाळा सगळं त्यात असतं. आधी कोणाला हलवायचं आणि झळ कोणी सोसायची, यावर मात्र एक ओळही नसते.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे संदेश पाठवला की जबाबदारी संपली असं मानणं. पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, तोही क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं या हिशोबात. नदीकाठच्या वस्तीतल्या आजीबाईंना त्यातून काय कळणार, पाणी उंबऱ्याशी येईल की पोटमाळ्यापर्यंत? 25 जुलै 2024 ला पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं ती झोपेची वेळ होती. म्हणून पाणी कुठवर चढेल ते ओळखीच्या खुणांनी सांगा आणि रात्री दारं ठोठावणारी माणसं गल्लीवार नेमा. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले यांची यादी त्यांच्याकडे हवी.

पण ही यादी जपायची कशी, तेही ठरवा. कोविडमध्ये रुग्णांची नावं सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरली होती. यादी कोणाकडे राहील, कधी नष्ट होईल, हे लेखी नसेल तर लोक पुढच्या वेळी आजार लपवतील. पुण्याला हे नवं नाही. 1897 च्या प्लेगमध्ये इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते आणि माणसं रोगी दडवत होती. साथ आवरायची गरज खरीच होती, पण विश्वास गेला तो गेलाच. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 मध्येही वापरात होता, म्हणून सांगतो.

पूररेषेचं काय? निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. ती झोपडीला दाखवायची आणि पात्रातल्या भरावाकडे डोळेझाक करायची, हा सरळसरळ अन्याय आहे. पुनर्वसन करताना नवं घर कामापासून किती लांब पडतं ते बघा. धुणीभांडी करणाऱ्या बाईची चार घरं सुटली तर ती परत ओढ्याकाठीच येणार. पंचनाम्यात भाडेकरूचं नावही घ्या. भिजलेलं धान्य त्याचं असतं.

उन्हाळ्यातही तेच. ‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला हातगाडीवाल्याला काय कामाचा? त्याला सावली आणि पाणी द्या, बांधकामावरच्या मजुरांची दुपारची सुट्टी ठेकेदाराच्या करारातच घाला, आणि त्या तासांची मजुरी कापायची नाही हेही तिथेच लिहा.