आपोआप जाणारे मेल: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट मी रात्री नव्या पत्त्यावर हलवली आणि निवांत झोपलो. सकाळी आतकरवाडीत गाडी लावतोय, सिंहगड चढायला सुरुवातही नाही, तोच ग्रुपमधल्या एका काकांचा फोन. "अरे, रात्रीपासून तुझे दहा मेल आलेत. राजगडाचा लेख मी दोन वर्षांपूर्वीच वाचलाय!"

नवा लेख आला की वाचकांना मेल धाडणारं सॉफ्टवेअर आपली साइट काही वाचत नाही. ते वाचतं आरएसएस फीड, म्हणजे साइट आपोआप बनवते ती ताज्या लेखांची यादी. 'नवं' काय, ते प्रत्येक नोंदीच्या तारखेवरून किंवा तिच्या ओळखखुणेवरून ठरवतं. मी डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून सरसकट नवा घातला होता. त्यात या खुणाही बदलल्या आणि जुने लेख त्या सॉफ्टवेअरच्या लेखी कोरे करकरीत झाले. आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे दहाच लेख असतात, म्हणून दहावर निभावलं. वर्डप्रेसमध्ये त्या खुणेच्या रकान्याचं नाव जीयूआयडी. पत्ता बदलताना त्याला हात लावायचा नाही. आणि साइटवर काहीही मोठं काम काढलं, की ऑटोमेशन, म्हणजे हे आपोआप मेल जाणं, आधी थांबवायचं. हे बटण असतं, मला ते नंतर सापडलं.

उलटी तक्रारही येते: लेख टाकला, मेल गेलाच नाही. बऱ्याचदा बिघाड नसतो. सॉफ्टवेअर ठरल्या वेळी एकदा डोकावतं. सहाची वेळ लावली आणि लेख सहा वाजून पाच मिनिटांनी टाकला, तर तो उद्या जातो. साइटवर कॅशे, म्हणजे पानांची साठवून ठेवलेली प्रत, असेल तर फीडही शिळी मिळते. शिवाय मेल धाडणाऱ्या सेवेच्या खात्यातला टाइम झोन बघा. तो न्यूयॉर्कचा राहिला असेल तर सकाळी नऊचा मेल पुण्यात संध्याकाळी साडेसहाला पोचतो, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसातला.

मेल 'पाठवला' दिसतो पण कुणाला मिळत नाही, तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा. तिथे फुकटचा जीमेलचा पत्ता चालत नाही, स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, हवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, तिन्ही लागतात. मेल खरंच तुमच्या नावाने आलाय हे तपासता यावं म्हणून डोमेनच्या सेटिंगमध्ये घालायच्या या नोंदी. यादी छोटी असली तरी तिन्ही करून टाका. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एसपीएफची जुनी नोंद तशीच ठेवून खाली दुसरी जोडणं. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन दिसल्या की तपासणीच फसते. मेल धाडणाऱ्या नव्या सेवेचं नाव जुन्याच ओळीत घालायचं.

आता खास आपल्या मराठीची अडचण. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे 'पुणे' लिहायलाच बारा बाइट. काही एडिटर देवनागरी चिन्हांच्या जागी त्यांचे सांकेतिक आकडे लिहून ठेवतात, मग एकेका चिन्हाला सात बाइट. त्यात टेम्प्लेटचं, म्हणजे मेलच्या तयार मांडणीचं, ओझं. पूर्ण लेख मेलमध्ये कोंबला की शेपूट जातं, आणि शेपटातच 'मेल नको' ही लिंक असते. ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं गूगल सांगतं. हजारात तिघांनी दाबलं की झालं. म्हणून मेलमध्ये फक्त उतारा द्या आणि ती लिंक वरही ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून किंवा जुन्या ट्रेकच्या नोंदवहीतून पत्ते उचलून यादीत घालू नका. ट्रेकला आले म्हणजे मेलला हो म्हणाले, असं होत नाही. नावाचा रकाना रिकामा असेल तर 'नमस्कार' पुढे नुसता स्वल्पविराम लटकतो. आणि सत्तरीतल्या माणसाला 'हाय' अधिक पहिलं नाव असा मेल गेला, तर पुण्यात उत्तर येतं. मला आलंय.

आता माझ्या यादीत तिघांचा वेगळा गट आहे: मी, माझा याहूवरचा जुना पत्ता आणि ते काका. काहीही बदललं की चाचणीचा लेख आधी आम्हालाच जातो. संध्याकाळपर्यंत काकांचा फोन आला नाही, तरच बाकीच्यांना.