रंग उडाला म्हणजे डाय गेला असं धरू नका: नॅनो टायटॅनियाच्या प्रयोगातल्या चुका

डाय (रंगद्रव्य) मिसळलेल्या पाण्यात नॅनो टायटॅनिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची अतिसूक्ष्म पावडर, घालून दिवा लावला की ती कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून डाय तोडते. बीकरमधलं निळं पाणी तासाभरात फिकं पडलं की प्रयोग जमला असं वाटतं. पण तेच सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून ट्यूबचा तळ बघा. तिथली पांढरीशुभ्र पावडर निळी झाली असेल, तर तेवढा डाय तुटलेला नाही. तो पाण्यातून निघून नुसता कणांवर जाऊन बसलाय.

अंधारातली पायरी वगळणं

१०० मिली मिथिलीन ब्लू या निळ्या डायचं द्रावण (१० मिग्रॅ प्रति लिटर) आणि ०.१ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड घेतलं, तर दिवा न लावता निदान ३० मिनिटं स्टिररवर ठेवा. दर १० मिनिटांनी सॅम्पल काढा आणि लागोपाठची दोन रीडिंग जुळली, म्हणजे डाय कणांवर बसायचा थांबला, की मगच दिवा लावा. गणितात सुरुवातीची तीव्रता म्हणून हेच शेवटचं रीडिंग धरायचं, बाटलीतल्या द्रावणाचं नाही. सोबत दिव्याखाली कॅटॅलिस्टशिवाय एक बीकर ठेवाच.

दिवाही तपासून घ्या. अॅनाटेजला (टायटॅनियाचा एक स्फटिकप्रकार) ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. साध्या पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतोच, म्हणून ३६५ चा यूव्ही दिवा घ्या. पांढऱ्या दिव्यातही रंग उडाला तर हुरळून जाऊ नका. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि त्यातून त्याचा रंग उतरू शकतो. कॅटॅलिस्ट दृश्य प्रकाशात चालतो असं म्हणायचं असेल, तर तो फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर चालवून दाखवा.

डिस्टिल्ड पाण्यातला आकडा प्रोसेसच्या पाण्याला लावणं

आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. टायटॅनियाच्या पृष्ठभागाचा भार साधारण पीएच ६ ते ६.५ ला शून्य होतो. त्याच्या वर कण ऋणभारित असतात. मिथिलीन ब्लू धनभारित, म्हणून छान चिकटतो. पण इचलकरंजी-सोलापूरकडे सुती माल रंगवायला वापरतात ते रिअॅक्टिव्ह डाय सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात. त्यांच्या रंगबाथचा पीएच १०-११, शिवाय लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ आणि वर सोडा अॅश. तिथे कण डायला दूर ढकलतात, आणि डाय तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल कार्बोनेटच खाऊन टाकतो.

सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच ४-५ वर आणा. कार्बोनेटही कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाईल. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. क्लोराइड मात्र तसंच राहतं. त्यामुळे आधी प्रयोगशाळेतल्या द्रावणातच मीठ घालून वेग किती पडतो ते बघा. टायटॅनियाऐवजी झिंक ऑक्साइड वापरत असाल तर हा उपाय नको: आम्लात ते विरघळतं आणि पाण्यात जस्त उतरतं.

रीडिंगमधल्या चुका

सॅम्पल १०,००० आरपीएमला १० मिनिटं फिरवा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) मिथिलीन ब्लूच्या माथ्याला, म्हणजे ६६४ नॅनोमीटरला, आणि ८०० नॅनोमीटरलाही वाचा. ८०० ला मिथिलीन ब्लू शोषत नाही, म्हणजे शून्य यायला हवं. तसं आलं नाही तर कण अजून तरंगतायत, पुन्हा फिरवा. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर आधी त्यातून नुसतं डायचं द्रावण काढून बघा, कारण काही मेंब्रेन डाय धरून ठेवतात आणि फुकटचं यश दिसतं. १० मिग्रॅचं मूळ द्रावण ६६४ ला २ च्या आसपास किंवा वर शोषण दाखवतं. ते चार पट पातळ करूनच मोजा.

एकाच तरंगलांबीवर विसंबू नका. २०० ते ८०० पूर्ण स्कॅन घ्या. ६६४ चा माथा खाली येताना डावीकडे सरकत असेल, तर रेणूचे मिथाइल गट गळतायत, सांगाडा शाबूत आहे. अॅझो डायमध्ये (नायट्रोजन-नायट्रोजन बंधामुळे रंग असलेले डाय) रंग देणारा बंध तुटला तरी मागे अॅरोमॅटिक अमाइन राहू शकतात. म्हणून टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) किंवा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना लागणारा रासायनिक ऑक्सिजन) मोजल्याशिवाय ‘पाणी शुद्ध झालं’ लिहू नका. सीओडी करताना क्लोराइडसाठी मर्क्युरिक सल्फेट घाला. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं असेल तर उरलेलं आधी नष्ट करा, नाहीतर आकडा फुगतो.

वापरलेली पावडर बेसिनमध्ये ओतू नका. गाळून, धुऊन, वाळवून पुढच्या फेरीला घ्या. कोरडी पावडर तोलताना एन-९५ मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा.