बेळगावहून मसाई मारा: निघण्याआधीची तयारी

मसाई मारा हे केनियातलं अभयारण्य. तिथे जायचं तर पहिलं काम पिवळ्या तापाच्या लशीचं. केनियाहून परतल्यावर भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात आणि लस घेतल्यावर 10 दिवसांनीच ते ग्राह्य होतं. सरकारमान्य केंद्राचंच चालतं. नसेल तर थेट विलगीकरण. म्हणून तिकिटाआधी लशीची तारीख पक्की करा. ई-टीए, म्हणजे केनियात प्रवेशाची परवानगी, ऑनलाइन मिळते.

मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (मोठ्या हरणांसारखे कळपानं फिरणारे प्राणी) साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसतात. जुलैत खानापुरात पाऊस कोसळत असतो, तिकडे मात्र माळ बराच कोरडा. पण उंची 1500 मीटरच्या आसपास, त्यामुळे पहाटे उघड्या जीपमध्ये स्वेटर, कानटोपी हवीच.

नैरोबीहून छोट्या विमानानं जाणार असाल तर सामान साधारण 15 किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस डिकीत मावत नाही. कुंदा डब्यात न्या, प्लॅस्टिक कॅरीबॅगना तिथे 2017 पासून बंदी आहे.

दुर्बीण 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची), प्रत्येकाला वेगळी. भीमगडच्या दाट रानात कानांवर भिस्त असते, इथे नजरेवर. सिंह गवतात बसला की कधीकधी कानामागचा काळा डागच तेवढा हलताना दिसतो. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथरीनं चित्र हलतं. जवळ जाण्यासाठी वाट सोडायचा आग्रह मात्र धरू नका.