ध्वनिरोधक काम केल्यानंतर करकरणारी माडी शांत कशी करावी

जुन्या वाड्याच्या माडीवर मुले पळू लागली की खाली झोपलेल्या वडीलधाऱ्यांची दुपार संपते, म्हणून कडीपाटावर, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांवर (कड्यांवर) बसवलेल्या फळ्यांवर, रबरी चटई आणि तिच्यावर प्लायचे दोन थर टाकण्याचे काम मी आमच्या आणि नातेवाइकांच्या घरांत अनेकदा केले आहे. त्याने धमधम कमी होते. मात्र काही दिवसांनी पाऊल टाकताच करकर ऐकू येऊ लागते. फटीत टाल्कम पावडर भरली तर आठवडाभर बरे वाटते, तेल सोडले तर रबर खराब होते, आणि वरून लांब खिळे ठोकण्याचा सल्ला तर केलेल्या कामावर पाणी फिरवतो.

करकर बहुधा नव्या प्लायची नसते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी होते, तेव्हा सागवानी फळीसुद्धा आकसते, कडी आणि फळी यांत बारीक फट पडते, आणि पाय पडला की फळी जुन्या खिळ्यावर खालीवर घासते. म्हणून ही दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांत करावी; पावसाळ्यात लाकूड फुगून फटी लपतात आणि दोष सापडत नाही.

आधी भिंतीकडची पट्टी काढून पाहावी. प्लाय भिंतीला टेकलेला असेल तर कडेने १० मिलिमीटर कापावा. आवाज फक्त भिंतीजवळ असेल तर काम इथेच संपते. नाहीतर एकाने माडीवर सावकाश चालावे, दुसऱ्याने खालून कडीला हात लावून थरथर कुठे जाणवते ते पाहावे आणि तिथे खडूने खूण करावी. खुणेच्या भागातला प्लाय आणि चटई उचलावी. भिंतीत गेलेले कडीचे टोक पटाशीने टोचून पाहावे. ते मऊ लागले तर वाळवीची शंका धरून अनुभवी सुताराला बोलवावे, कारण तो प्रश्न आवाजाचा नसून माडी पडण्याचा आहे.

आता खरे अवघड काम. पहिल्या वेळी मी प्लाय न उचलता ७५ मिलिमीटरचे स्क्रू वरून थेट कडीत घातले होते. करकर त्याच संध्याकाळी थांबली, पण दुसऱ्या दिवशी मुलांचे प्रत्येक पाऊल पुन्हा खाली ऐकू येऊ लागले, कारण प्लाय आणि कडी यांना जोडणाऱ्या प्रत्येक स्क्रूतून धक्का रबराला वळसा घालून सरळ खाली जातो. ते सगळे स्क्रू मला एकेक करून काढावे लागले. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: फळी कडीला आवळायची, प्लाय प्लायला आवळायचा, आणि चटईतून एकही स्क्रू जाऊ द्यायचा नाही.

२५ मिलिमीटरच्या फळीला ५० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. फळीतले भोक स्क्रूच्या जाडीपेक्षा किंचित मोठे आणि कडीतले लहान पाडावे. हे अनेक जण टाळतात. मग स्क्रूचे आटे फळीतच पकड घेतात, फळी वरच अडून राहते आणि फट जशीच्या तशी राहते. शिवाय जुने सागवान इतके टणक असते की भोकाशिवाय स्क्रूचे डोके तुटते. डोके फळीच्या पातळीखाली बसवावे, नाहीतर ते चटईला टोचत राहते.

फट रुंद असेल तर स्क्रूने फळी ओढू नये. वाळलेल्या सागाची पातळ पाचर गोंद लावून खालून सरकवावी. ती हातोडीने ठोकण्याचा मोह आवरावा. पाचर घट्ट बसली की फळी उचलली जाते, शेजारच्या कडीवर नवी फट पडते आणि करकर दोन हात पलीकडे सरकते. अंगठ्याने दाबून जाईल तेवढीच पाचर पुरे, आणि गोंद वाळेपर्यंत, म्हणजे एक दिवस, त्या भागावर चालू नये.

मग चटई आणि प्लाय परत टाकावेत. १२ मिलिमीटरच्या दोन थरांना २० मिलिमीटरचे स्क्रू लावावेत आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. भिंतीकडची पट्टी भिंतीलाच ठोकावी, प्लायला नव्हे, आणि तिच्याखालून जाड कागद सहज सरकेल एवढी जागा सोडावी.